पी५३ साठी डीओ-१ अँटिबॉडी : काही महिन्यांच्या वापरानंतर

कर्करोगाला आळा घालणारे मानवी पी५३ प्रथिन ओळखण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत गेले काही महिने डीओ-१ या क्लोनची (एकाच पेशीवंशाची) मोनोक्लोनल, म्हणजे प्रथिनाच्या एकाच ठरावीक जागी चिकटणारी, अँटिबॉडी वापरली जात आहे. वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलमध्ये प्रथिने आकारानुसार वेगळी करून ती अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीसाठी) ती भरवशाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हा भरवसा कोठवर ठेवायचा, हे ती प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटते यावरच ठरते.

खरी कसोटी म्हणजे ज्या पेशींत हे प्रथिन मुळातच नाही, त्यांची लेन (जेलवरची एका नमुन्याची पट्टी). पुरवठादाराच्या माहितीपत्रकात अशी लेन दाखवलेली नव्हती आणि ही उणीव मला गंभीर वाटते. म्हणून आम्ही पी५३ असलेल्या एमसीएफ-७ आणि पी५३ नसलेल्या एच१२९९ या मानवी कर्करोगाच्या पेशींचे नमुने एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवले. पहिल्या लेनमध्ये ५३ किलोडाल्टनजवळ (किलोडाल्टन हे रेणुभाराचे एकक) ठसठशीत बँड आला, तर दुसरी लेन त्या जागी कोरी राहिली. (अमिनो आम्लांवरून काढलेला रेणुभार सुमारे ४४ किलोडाल्टन भरतो, पण प्रोलीनबहुल भागामुळे हे प्रथिन जेलमध्ये मागे रेंगाळते, त्यामुळे बँड ४४ पाशी शोधू नये.) उपचार न केलेल्या पेशींत बँड फिकट दिसला तर अँटिबॉडीला दोष देण्याचे कारण नाही, कारण एमडीएम२ या दुसऱ्या प्रथिनामुळे तिथे पी५३ सतत नष्ट होत असते. डीएनएला इजा करणारे डॉक्सोरुबिसिन हे औषध दिल्यावर तोच बँड चांगला गडद होतो.

ही अँटिबॉडी प्रथिनाच्या अगदी सुरुवातीच्या भागाला, साधारण २० ते २५ क्रमांकाच्या अमिनो आम्लांपाशी चिकटते. परिणामी, हा भागच नसलेली डेल्टा-४० आणि डेल्टा-१३३ ही पी५३ ची आखूड रूपे तिला दिसत नाहीत. त्याहून फसवी बाब अशी, की २० व्या क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट जोडले गेले की तिची पकड सैल होते. म्हणजे डीएनएला इजा झाल्यानंतरचे पी५३ मोजताना, नेमके जे वाढलेले असते त्यातलेच काही तिच्या नजरेतून सुटू शकते. अशा प्रयोगांत आम्ही पीएबी१८०१ ही ४६ ते ५५ क्रमांकाच्या अमिनो आम्लांच्या पट्ट्यावर चिकटणारी अँटिबॉडी जोडीला ठेवतो आणि दोन्हींचे निकाल जुळले तरच पुढे जातो.

इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये (अँटिबॉडीने नमुन्यातून प्रथिन ओढून काढण्याच्या पद्धतीत) मात्र अडचण येते. प्रथिन डीओ-१ सारख्या उंदराच्या अँटिबॉडीने ओढून काढले आणि ब्लॉटही उंदराच्याच अँटिबॉडीने केला, तर ५० किलोडाल्टनजवळचा, अँटिबॉडीच्याच जड साखळीचा जाड बँड पी५३ ला झाकून टाकतो. एचआरपी (बँड दृश्य करणारे एंझाइम) थेट जोडलेली डीओ-१ किंवा सशापासून तयार केलेली सीएम-१ ही पी५३ ची अँटिबॉडी ब्लॉटसाठी वापरली, की चित्र स्वच्छ होते.

उंदराच्या ऊतींवर काम करणाऱ्यांनी डीओ-१ घेऊ नये, कारण ती उंदराचे पी५३ ओळखत नाही. त्यांच्यासाठी सीएम-५ ही अँटिबॉडी आहे.