ब्रॉयलरला अँटिबायोटिकऐवजी ॲसिड, प्रोबायोटिक आणि ओव्याचा अर्क: वर्षभर वापरून काय वाटलं

शिरूर तालुक्यात आमचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचं, शेड आहे. कंपनीच्या करारावर नाही, माल स्वतःचा, त्यामुळे खाद्यात काय घालायचं ते आम्हीच ठरवतो. युरोपने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं 2006 पासून बंद केलं, आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. गेलं वर्षभर आम्हीही खाद्यात अँटिबायोटिक न घालता बॅच काढतोय.

सगळ्यात उजवं ठरलं पाण्यातलं ॲसिडिफायर, फॉर्मिक-प्रोपिओनिकवालं. आमच्या बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या आसपास. तो साडेचार-पाचवर आणला की ई. कोलाय, साल्मोनेला या रोगजंतूंना जमत नाही, लॅक्टोबॅसिलससारख्या फायद्याच्या जंतूंना मात्र चालतं. कॅनवरचा डोस डोळे मिटून घालू नका, पाणी जितकं जड तितकं ॲसिड जास्त लागतं. टाकीत पीएचची पट्टी बुडवून बघायची. चारच्या खाली गेलं की पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी तुटलं की खाद्य तुटलंच. पाइपातला जुना चिकट थर ॲसिडने सुटून पक्षी पाणी पितात ती निपल चोंदतात, म्हणून शेड रिकामं असतानाच लाइन धुऊन घ्या.

प्रोबायोटिकमध्ये, म्हणजे फायद्याच्या जिवंत जंतूंमध्ये, बॅसिलस सबटिलिस घ्या. त्याचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाच्या उष्णतेतही टिकतात, म्हणून खाद्यातून देता येतं. लॅक्टोबॅसिलसची पुडी क्लोरीनच्या पाण्यात टाकलीत तर पैसे पाण्यात गेले समजा. फरक बघायचा तो विष्ठेत. पूर्वी तिसऱ्या आठवड्यात नारिंगी, चिकट, न पचलेले मक्याचे कण असलेली पडायची. आता बहुतेक घट्ट, वर पांढरी टोपी. पाण्यातून लासोटा-गंबोरोची लस द्यायच्या दिवशी मात्र ॲसिड आणि क्लोरीन दोन्ही बंद.

ओवा-ओरेगॅनोच्या अर्कात थायमॉल, कार्वाक्रॉल असतं, जंतूंवर त्याचा परिणाम होतो हे खरं. शेडमध्ये वासही झकास येतो. पण ॲसिड आणि बॅसिलस चालू असताना त्याने वेगळं काही केलेलं दिसलं नाही, आणि किंमत बघता आम्ही थांबवलं.

पावसाळ्यात यातलं काहीच एकट्याने पुरत नाही. पडदे बंद, खाली अंथरलेलं तूस ओलं, की कॉक्सी (आतड्यातल्या परजीवींचा आजार) आलीच. कॉक्सीने आतडं सोललं की क्लॉस्ट्रिडियम या जंतूला रान मोकळं. म्हणून कॉक्सीचं औषध आम्ही खाद्यातून काढलेलं नाही. तूस रोज उकरतो. मुठीत दाबून त्याचा लाडू वळला तर ती जागा बदलतो. आतड्याचा आजार खरंच उठला तर डॉक्टरांना बोलावून, ते सांगतील ते अँटिबायोटिक द्या आणि विक्रीआधीचा थांबण्याचा काळ पाळा. ओव्याने मर थांबत नाही.

खर्चाचं म्हणाल तर अर्क सोडल्यावर औषधांचं बिल जवळपास पूर्वीइतकंच आहे, एफसीआरही (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) तेवढाच. लिफ्टिंगला, म्हणजे पक्षी उचलायला, येणारा व्यापारी वजन बघतो, अँटिबायोटिकशिवायचा माल म्हणून किलोमागे रुपया जादा देत नाही. पुण्यात थेट गिऱ्हाईक असेल त्यालाच त्याचा भाव मिळेल.