गावभागातला सागवानी सोफा: चार पावसाळ्यांनंतर

श्रावणात दोन दिवस सलग ऊन पडलं की मी सोफ्याच्या पाच गाद्या आणि पाच उशा गच्चीवर नेते. चेन उघडून आतला फोम बाहेर काढते आणि नाकाजवळ धरते. २०२२ च्या फेब्रुवारीत सोफा घरी आला, त्याला आता चार पावसाळे झाले. कुबट वास नाही, काळे ठिपके नाहीत. लिहायला इतकी वर्षं मुद्दाम थांबले. आमच्या घरात सोफा पहिल्या दिवाळीला छानच दिसतो, तो कसा आहे हे कळतं तिसऱ्या-चौथ्या आषाढात.

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. घर जुनं आहे, खाली बैठकीची खोली, वर माडी, मध्ये अरुंद जिना. जुलै-ऑगस्टमध्ये इथे शेजारी भेटला की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आकडा ५७ च्या वर गेला तेव्हा आमच्या बैठकीत कमरेइतकं पाणी होतं. जुलै २०२१ मध्ये गुडघाभर. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं, सांगलीत पाऊस फार. तसं नाही. आमचा वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असेल. पाणी येतं ते वरच्या खोऱ्यातून, कृष्णेतून आणि कोयनेतून. पण एकदा आलं की भिंती ते पिऊन बसतात. दोन-दोन वर्षं लोणा, म्हणजे खारा पांढरा थर, फुटत राहतो, रंग सुटतो, आणि भिंतीला टेकलेली प्रत्येक वस्तू दमट होते. म्हणजे आमच्या सोफ्याला दोन संकटं आहेत. पूर कधीतरी येतो, ओल मात्र दरवर्षी असते.

आधीच्या दोन सोफ्यांचं सांगितल्याशिवाय या सोफ्याचं मोल कळणार नाही. पहिला २०१६ मध्ये एका मोठ्या शोरूममधून घेतला, ४२ हजारांचा, एल आकाराचा, कॉफी रंगाच्या रेक्झिनचा. पूर यायच्या आधीच, तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या हातांवरचे पापुद्रे सुटायला लागले. सासूबाईंच्या पांढऱ्या साडीला तपकिरी कण चिकटायचे. तेव्हा वाटलं, आपणच नीट पुसत नसू. नंतर समजलं की त्या रेक्झिनवर पॉलियुरेथेनचा जो पातळ थर असतो तो हवेतल्या ओलीनेच हळूहळू तुटत जातो. कितीही पुसा.

२०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा तो सोफा माडीवर न्यायचा आम्ही खूप प्रयत्न केला. चौघांनी उचलला आणि तो जिन्याच्या वळणावर अडकला. वर जाईना. रात्रीचे अकरा वाजलेले, बाहेर लाउडस्पीकरवरून घरं सोडायच्या सूचना चाललेल्या. शेवटी तो परत खाली ओढला आणि तसाच सोडून आम्ही निघालो. पाणी ओसरल्यावर मुलाने तो सुरीने फाडला. आत पाइनच्या काड्या, भुशाचे दाबलेले बोर्ड फुगून केकसारखे झालेले, पाठीला चक्क पुठ्ठा आणि सगळीकडे गंजलेल्या पिना. ४२ हजारांत आपण काय घेतलं होतं ते तीन वर्षांनी, चिखलात उभं राहून पाहिलं. मला फार लागलं ते.

दुसरा घाईत घेतला, २४ हजारांचा, कापडी, बंद खोक्यासारखा. तो २०२१ च्या पाण्यात गेला.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दोन्ही सोफे मिळून ६६ हजार, आणि बसायला मिळालं पाच वर्षं. वर्षाला १३ हजार २०० रुपये पडले. ५० हजारांचा सोफा दहा वर्षं टिकला तर वर्षाला पाच हजार. ही आकडेमोड मी वहीत मांडली आणि यजमानांना दाखवली, कारण त्यांचं म्हणणं होतं की पुन्हा पूर येणारच, तर स्वस्तातला घ्यावा. त्यांचं चूक नव्हतं. पण स्वस्त आणि टाकाऊ याऐवजी उचलता येणारा, उघडता येणारा, सुकवता येणारा घ्यावा असं मला वाटत होतं. आमच्यासारख्या घरात सोफ्याचा पहिला गुण तोच.

त्यामुळे दुकानांत माझे प्रश्न बदलले. एका ठिकाणी "वॉटरप्रूफ प्लाय आहे मॅडम" असं सांगितलं. मी शिक्का दाखवा म्हटलं. प्लायवर आयएस ३०३ हा भारतीय मानकाचा आकडा असेल तर त्यातही दोन जाती येतात. एमआर म्हणजे ओलसर हवेपुरती, आणि बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला बरीच टिकणारी. मरीन प्लायचा आकडा वेगळा, आयएस ७१०. फरक मुख्यतः गोंदाचा असतो. एमआरमधला युरियाचा गोंद पाण्यात दम सोडतो, फिनॉलचा टिकतो. त्या दुकानातल्या सोफ्याचं कापड खालून थोडं उचकून पाहिलं तर शिक्का एमआरचा. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, विकणाऱ्या मुलालाही ते माहीत नसावं. पण खरा मरीन प्लाय वापरला असता तरी माझी अडचण सुटत नव्हती. प्लाय टिकेल, पण त्यावर पिना मारून बंद केलेला फोम सुकवायचा कसा? ऑनलाइन २८ हजारांना एक सुंदर सेट दिसला होता. त्यात लाकडाच्या रकान्यात 'इंजिनिअर्ड वुड' लिहिलेलं. त्यात प्लायही येतो, एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्डही येतो आणि भुशाचा बोर्डही. कोणता ते विचारलं, उत्तर आलं नाही, विषय संपला.

शेवटी आम्ही टिंबर एरियातल्या एका वखारीत गेलो, आमच्या मिस्त्रींना सोबत घेऊन. मिस्त्री साठीचे आहेत, आमच्या घराचे दरवाजे त्यांच्या वडिलांनी केलेले. त्यांनी सागाच्या फळ्या उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि कडेला पांढरा पट्टा असलेल्या सगळ्या बाजूला काढल्या. "वहिनी, गाभ्याला कीड लागत न्हाई, ह्या पांढऱ्याला लागती. पुढं पीठ पडतंय बघा खाली." वखारीत दोन सुया टोचायचं ओल मोजणारं मीटर होतं. आम्ही घेतलेल्या फळीवर १३ टक्के आलं, शेजारच्या थप्पीतल्या फळीवर १९. दिसायला दोन्ही सारख्याच होत्या. १९ वाली घेतली असती तर सांधे करून झाल्यावर उन्हाळ्यात ती आकसली असती. तरीही मिस्त्रींनी फळ्या स्वतःच्या शेडमध्ये मध्ये पट्ट्या ठेवून तीन आठवडे तशाच ठेवल्या. मिरजेत तंबोरे करणारे भोपळा किती धीराने वाळवतात ते मी लहानपणी पाहिलेलं, त्याची आठवण झाली.

खर्च लिहून देते, २०२२ च्या सुरुवातीचा आहे हे लक्षात ठेवून वाचा. तीन जणांचा एक आणि एकेरी दोन, असा सेट. लाकूड ६ घनफूट, ३,३०० दराने १९,८००. मजुरी १३,०००. पॉलिश ५,५००. बसायच्या पाच गाद्यांचा फोम ५,५००, पाठीच्या पाच उशांचा ३,०००. कापड १३ मीटर, ३८० दराने ४,९४०. शिलाई चेनसकट २,२००. टेम्पो ६००. एकूण ५४,५४०. ठरवल्यापेक्षा साडेचार हजार वर गेले. तशाच दिसणाऱ्या सागवानी सेटला शोरूममध्ये ८५ हजार सांगितले होते.

मजुरी १३ हजार ऐकून आमच्या जाऊबाई म्हणाल्या जास्त दिली. मला नाही वाटत. मिस्त्रींनी आधी जिन्याची रुंदी आणि वळण टेपने मोजलं, मग कागदावर सोफा काढला. तीन जणांच्या सोफ्याचे चार भाग होतात: दोन हात, एक पाठ, एक बैठक. आठ नटबोल्ट, सगळे स्टेनलेस स्टीलचे, कारण सागात साधं लोखंड ओलीने गंजतं आणि लाकडावर काळे ओघळ येतात. प्रत्येक भागाचे आतले सांधे कुसू घालून केलेले, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून. मी विचारलं, नुसता गम लावून स्क्रू मारले तर स्वस्त नाही का पडणार? "पांढरा गम पाण्यात भिजला की मऊ पडतो. कुसू जागेवर ऱ्हातं," एवढंच म्हणाले. बैठकीला प्लाय नाही, बोटभर फटी सोडून सागाच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे गादीला खालून वारा लागतो. आणि पॉलिश खालून, मागून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही केलेलं. एकाच बाजूला पॉलिश केलं तर दुसऱ्या बाजूने लाकूड ओल पितं आणि फळी वाकते. हे काम बघून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला, आणि तो इथे नोंदवते.

उंची १८ इंच ठेवली ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. आधीच्या सोफ्यातून त्यांना हाताला धरून उठवावं लागायचं. आता स्वतः उठतात. माझ्यासाठी या सोफ्याची सगळी किंमत इथेच वसूल झाली.

फोम घेताना कुशनवाल्याकडे आधी डेन्सिटी विचारा, म्हणजे फोम किती भरीव आहे ते. जाडी नंतर. बसायला ४० डेन्सिटीचा, चार इंची घेतला. अजून दबलेला नाही. पाठीला पैसे वाचवायला हलका घेतला, ती चूक झाली. दोन वर्षांत मधल्या उशा बसल्या. काथ्याची गादी मला सुचवली होती, पण काथ्या एकदा भिजला की आतून लवकर सुकत नाही, म्हणून नको म्हटलं. कापड पॉलिस्टरचं आहे, जाड विणीचं. सुती कापड उन्हाळ्यात अंगाला बरं वाटतं, मला स्वतःला तेच आवडतं, पण ते ओल धरतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. आमच्या खोलीत नकोच.

खरी परीक्षा २०२४ च्या जुलैत झाली. कोयना धरणातून सोडलेलं पाणी वाढल्याच्या बातम्या, आयर्विनचा आकडा रोज चढता. यजमान म्हणाले, वाट नको बघायला. ते आणि शेजारचा मुलगा, दोघांनी पाना घेऊन बोल्ट काढले. तिन्ही सोफे माडीवर जायला चाळीस मिनिटं लागली, त्यात एक चहा झाला. जिन्याच्या वळणावर पाठीचा भाग सहज वळला तेव्हा मी तिथेच उभी होते. २०१९ ची ती रात्र आठवून डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी पाणी घरात आलं नाही. सोफा चार दिवसांनी खाली आणून पुन्हा जोडला, काहीच हललेलं नव्हतं.

दोषही आहेत. एप्रिल-मेमध्ये लाकूड थोडं आकसतं आणि बसताना बोल्टपाशी कुरकुर ऐकू येते. वर्षातून एकदा पाना फिरवावा लागतो. एकेरी सोफ्याखाली मी हट्टाने एक खण करून घेतला, तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुगून उघडतच नाही. मिस्त्रींनी नको सांगितलं होतं. बैठकीच्या पट्ट्यांच्या कडा पहिल्या वर्षी गादीच्या कापडाला घासत होत्या, खाली जाड कॅनव्हास टाकल्यावर थांबलं. कापडाचा मोरपंखी रंग खिडकीच्या बाजूला उडाला. आणि काम महिन्याचं सांगून सव्वादोन महिने लागले. त्यातले तीन आठवडे लाकूड मुरवण्याचे होते, बाकीचे लग्नसराईतल्या दुसऱ्या कामांचे. तेवढे दिवस आम्ही सतरंजीवर बसलो.

एक विनंती आहे. आमच्या गल्लीत पावसाळ्यात सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर घालायची पद्धत आहे. तसं करू नका. आतली ओल आतच कोंडते आणि दसऱ्याला कव्हर काढलं की बुरशी दिसते. आम्ही सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवतो, रात्री गाद्या उभ्या करतो आणि पंखा तासभर चालू ठेवतो. माझी नणंद महाबळेश्वरला असते, तिने सांगितलेला हा उपाय. तिथे चार महिने ऊन दिसत नाही, तिच्या घरी हे चालतं तर आमच्याकडे चालेलच.

दिवाळीच्या आधी पाठीच्या उशांचा फोम बदलायचा आहे. या वेळी ३२ डेन्सिटीचा सांगितलाय. कुशनवाल्याकडे सोफा न्यावा लागणार नाही, माप पाठवलं, तो कापून ठेवणार. चेन उघडायची, जुना काढायचा, नवा घालायचा.