गिऱ्हाइकाला परत पाठवणारी नर्सरी

माझं माहेर रत्नागिरीजवळ. तिथे अनंताला कुणी मुद्दाम पाणी घातलेलं मी पाहिलेलं नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लाल माती, दमट हवा. सोलापुरात येऊन 22 वर्षं झाली तरी बाग मात्र मी माहेरचीच लावत राहिले. तीन अनंत, दोन सोनटक्के आणि एक एक्झोरा माझ्या हातून गेले. शेवटचा अनंत ऑनलाइन मागवलेला, खोक्यावर 'सर्व हवामानांसाठी' छापलेलं. मार्चमध्ये आला, मे लागायच्या आत वाळला.

मग शेजारणीने शहराबाहेरची ही नर्सरी सांगितली. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माणूस भला आहे.

गेले ते ऐन मे महिन्यात. अनंत मागितला तर काका रोप दाखवायचं सोडून विचारायला लागले, "पाणी नळाचं का बोरचं?" बोरचं. "कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरती का?" धरते. "मग नका नेऊ ओ ताई, केवडा पडतोय."

केवडा म्हणजे पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. माझ्या एक्झोराचं नेमकं हेच झालं होतं आणि मी बिचाऱ्याला शेणखत भरवत बसले होते. आमची काळी माती चुनखडीची. तिच्यात लोह असतं, पण चुन्यामुळे अशा झाडांच्या मुळांना ते उचलता येत नाही. त्यात बोरचं जड पाणी. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारून पाहा, थोडे दिवस रंग येईल, पुन्हा तेच.

त्या दिवशी त्यांनी मला काहीच विकलं नाही. "मृग निघू द्या, दोन पाऊस पडू द्या, मग या." रागच आला. 42 अंशांत बारा किलोमीटर स्कूटी हाणत गेले होते! चहा पाजला म्हणून गप्प बसले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परत गेले, सांगितल्याप्रमाणे घराचे दुपारी बारा आणि चारचे फोटो घेऊन. पश्चिमेची भिंत चारला तव्यासारखी तापते, तिथे बोगनवेल. पूर्वेला मोगरा. कंपाउंडला शंकासुर, फाटकाशी कण्हेर. कण्हेर देण्याआधी "घरात रांगतं पोर, दारात शेरडं हायत का?" हेही विचारलं, कारण तिच्या अंगभर विष. सगळे मिळून 640 रुपये.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की प्रत्येक रोपाची पिशवी ते आडवी धरून चिरून दाखवतात. एका मोगऱ्याची मुळं तळाशी चुंबळीसारखी गोल गुंडाळलेली निघाली. तो त्यांनी स्वतःच बाजूला टाकला, दुसरा दिला. बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेत वाढलेलं रोप आमच्या उन्हात थेट लावलं तर करपणारच. म्हणून ते आधी हिरव्या जाळीखाली, मग उघड्यावर ठेवतात आणि नवी पालवी फुटली की मगच विकतात.

ऑगस्टमध्ये तक्रार घेऊन गेले, बोगनवेलीला नुसता पाला. काका म्हणाले, "पाऊस सरू द्या. मग डाळिंबाला देतोय तसा ताण द्या की." सोलापूरकराला यापुढे काही सांगावं लागत नाही. सप्टेंबरचा पाऊस संपल्यावर पाणी तोडलं. दिवाळीनंतर पानं शोधावी लागत होती, इतकी फुलं.

पाचपैकी चार देते. एक कापला तो असा : भावाची पाटी नाही, रोपांवर नावाच्या चिठ्ठ्या नाहीत आणि काका नसले की सगळा कारभार त्यांच्या मुलाच्या हाती. मुलगा मोबाइलमधून मान वर न करता मागाल ते देतो. रविवारी तर जाऊच नका.

आता माझी चोरी सांगते. एकदा काका बाजारला गेलेले पाहून मुलाकडून गुपचूप अनंत घेतला, 120 रुपयांना. पूर्वेला मोगऱ्याशेजारी लावला. यंदा त्याला भरभरून फुलं आली, पांढरी, दुहेरी पाकळ्यांची. पानं हिरवीगार, केवड्याचा पत्ता नाही. वास जरा कमी वाटला, म्हटलं इथल्या हवेने असेल. ऐटीत आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "पान तोडून बघ, चीक येतो का."

आला. डबल तगर.