सेव्ह फाइली परत मिळवण्यासाठी ६४ डॉलर मोजले, आणि फाइली कुलूपबंद झाल्या

हे लिहिताना लाज वाटते, कारण आपल्या संगणकाचा ताबा अनोळखी माणसाकडे देऊ नये, हे मी स्वतः इतरांना अनेकदा बजावले आहे. तरीही माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळातील माझे चार वर्षांचे जग, म्हणजे त्याच्या सेव्ह फाइली (खेळाची जतन केलेली प्रगती), परत मिळवून देतो म्हणणाऱ्या एका इसमाला मी आधी ३९ आणि मग २५, असे एकूण ६४ डॉलर दिले.

विंडोज पुन्हा बसवण्याआधी डॉक्युमेंट्स आणि छायाचित्रे मी बाहेरच्या डिस्कवर घेतली होती आणि सगळे घेतले, अशी माझी समजूत होती. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती मात्र आपली जगे डॉक्युमेंट्समध्ये ठेवत नाही. ती अ‍ॅपडेटा फोल्डरातील रोमिंगमध्ये, डॉट माइनक्राफ्टच्या आतल्या ‘सेव्हज’मध्ये असतात, आणि अ‍ॅपडेटा मुळातच लपवलेले असल्यामुळे ते घ्यायचे राहिले, हेही आपल्या लक्षात येत नाही. खेळ पुन्हा बसवला, तर जगांची यादी रिकामी. मदत शोधताना हा इसम भेटला. पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊकच आहे: आर्जवी बोलणे, आगाऊ ३९ डॉलर, पडद्यावर ताबा, काळ्या चौकटीत धावणारी हिरवी अक्षरे आणि ‘डिस्कचे सखोल स्कॅनिंग’.

मला कळायला हवे होते ते त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. त्याने लपवलेल्या वस्तू दाखवण्याच्या पर्यायावर खूण केली, सी ड्राइव्हवरचे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर उघडले आणि यूझर्स, माझे नाव, अ‍ॅपडेटा, रोमिंग असा तो सरळ आत गेला. पत्त्याची ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज नव्याने बसवले की जुन्या फाइली, वापरकर्त्यांच्या फोल्डरांसह, त्या ठिकाणी जाऊन बसतात. म्हणजे माझे काहीच पुसले गेलेले नव्हते, आणि स्कॅनिंग हे निव्वळ नाटक होते. जी गोष्ट पुसली गेली, ती मूळ नावानिशी, मूळ तारखेनिशी इतकी अलगद कशी सापडते, एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी पुरे होते. पण मला माझ्या जगाचे नाव दिसले आणि बुद्धी तिथेच थांबली. १,१४० तास घातलेली वस्तू परत मिळते आहे, अशा वेळी कोण पत्त्याची ओळ वाचत बसतो? ‘सुरक्षित बॅकअप’चे २५ डॉलर मी त्याच भरात भरले.

तो बॅकअप म्हणजे माझ्याच डेस्कटॉपवर ठेवलेली, पासवर्ड घातलेली १.३ जीबीची झिप फाइल. पासवर्डचे आणखी ९० डॉलर पडतील, असे त्याने तितक्याच आर्जवाने सांगितले. ते मी दिले नाहीत, तेव्हा तो नाहीसा झाला.

विंडोज कळ आणि आर दाबा, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये इंग्रजीत अ‍ॅपडेटा टंका आणि एंटर करा, रोमिंग उघडते. एवढ्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. सगळे खेळ आपल्या सेव्ह फाइली एकाच जागी ठेवत नाहीत: काही डॉक्युमेंट्समधील ‘माय गेम्स’मध्ये, काही ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये, युनिटी या खेळ बनवण्याच्या साधनावर बांधलेले बरेचसे अ‍ॅपडेटातील लोकललोमध्ये आणि अनरियल या तशाच साधनावर बांधलेले बरेचसे अ‍ॅपडेटातील लोकलमध्ये. कोणता खेळ कुठे ठेवतो, हे पीसीगेमिंगविकीवर फुकट वाचता येते, आणि लुडुसावी हे मोफत साधन त्या जागा शोधून प्रती काढते. माइनक्राफ्टमध्ये बॅकअपचे बटण आहे, हे खरे, पण ती प्रतही डॉट माइनक्राफ्टच्याच आत पडते. घर जळाले तर तिजोरीही आतच.

तक्रारीचे तर विचारूच नका. ज्या कंपनीमार्फत मी पैसे भरले, तिने कळवले की, व्यवहार मीच मंजूर केला असल्यामुळे तो फसवणुकीत बसत नाही. तक्रार कार्यालयाच्या अर्जात नुकसानीचे स्वरूप लिहायचे होते. मी ‘खेळाच्या सेव्ह फाइली’ असे लिहिले, तर पलीकडचे गृहस्थ हसले आणि ‘म्हणजे तसे काहीच गेलेले नाही’ म्हणाले. ६४ डॉलर गेले होते, पण ती रक्कम त्यांना तपासण्याजोगी वाटली नाही. तरीही जाताना त्यांनी गंभीरपणे बजावले की, तपास पूर्ण होईपर्यंत संगणकावरील एकाही फाइलीला हात लावू नये. मी आज्ञाधारकपणे हात लावला नाही. तीन वेळा विचारणा केली, तिन्ही वेळा अर्ज ‘प्रक्रियेत’ होता.

पत्त्याची ती ओळ मला आठवली, तो बारावा दिवस होता. त्याने फाइलींची नक्कल केली होती, मूळ फाइली विंडोज डॉट ओल्डमध्ये तशाच असणार, या आशेने सी ड्राइव्ह उघडला, तर ते फोल्डरच नव्हते. जागा मोकळी करण्यासाठी विंडोज ते साधारण दहा दिवसांनी आपोआप काढून टाकते. अर्ज करण्याऐवजी त्याच संध्याकाळी मी नक्कल करून घेतली असती, तर पाच मिनिटांचे काम होते. ज्यांनी नुकतेच विंडोज बसवले आहे, त्यांनी ते आजच करावे.

झिप फाइल अजून डेस्कटॉपवर आहे. साध्या झिपचा पासवर्ड आतली नावे लपवत नाही, त्यामुळे ती उघडली की माझ्या जगाचे फोल्डर, लेव्हल डॉट डॅट, रीजनमधल्या सगळ्या फाइली, त्यांचे आकार आणि मी शेवटचे खेळलो त्या रात्रीची तारीख, सगळे व्यवस्थित दिसते. कोणत्याही फाइलीवर टिचकी मारली की पासवर्ड मागितला जातो.