‘ए.ए.एस.’ ही तीन अक्षरं आधी वाचा. माझे ३,२५० डॉलर गेले

‘दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं युनिव्हर्सिटी’ असं सांगणाऱ्या अमेरिकेतल्या कन्सल्टंटला ‘ट्रान्सफर हमी’चे २,८५० आणि क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर जमा होणारे अंक, तपासण्याचे ४०० डॉलर दिले. असोसिएट म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीचे ६० क्रेडिट, बॅचलरचे १२०. हिशोबात खोट दिसत नव्हती.

युनिव्हर्सिटीने माझ्या ६४ पैकी २३ धरले. उरले ९७. सेमिस्टरला १५ घेतले तरी चारऐवजी सात सेमिस्टर!

प्रोग्रामच्या कागदावर सगळ्यात वर ‘ए.ए.एस.’ (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) छापलेलं होतं. ए.ए. (आर्ट्स) आणि ए.एस. (सायन्स) या असोसिएट पदव्या पुढे बॅचलरला जाण्यासाठी असतात, ए.ए.एस.मधला ‘अप्लाइड’ म्हणजे थेट नोकरीसाठी, आणि त्यातले तांत्रिक विषय बऱ्याच युनिव्हर्सिट्या धरत नाहीत. त्या तीन अक्षरांच्या खालीच मी सही केली. खालच्या ओळीत ‘ट्रान्सफरेबल’ लिहिलेलं असताना कोण थांबलं असतं? पण कुठल्या युनिव्हर्सिटीत, कुठल्या मेजरसाठी (पदवीच्या मुख्य विषयासाठी), याचा करारात उल्लेखच नव्हता. तिथे तरी थांबायलाच हवं होतं. क्रेडिट घ्यायचे की नाही हे घेणारी युनिव्हर्सिटी ठरवते, तर हा माणूस हमी कशाच्या जोरावर देत होता?

कॉलेज म्हणालं, कन्सल्टंट आमचा नाही. युनिव्हर्सिटी म्हणाली, निर्णय विभागाचा. विभागाने परत अ‍ॅडमिशन ऑफिसकडे पाठवलं. फेडरल ट्रेड कमिशन ही केंद्र सरकारची ग्राहक संरक्षण संस्था तक्रार नोंदवून घेतं, एकेकट्याचं प्रकरण सोडवत नाही. राज्याच्या ग्राहक तक्रार कार्यालयाने सांगितलं, ‘सेवा मिळालेली दिसते.’ कसली सेवा? ४०० डॉलरच्या त्या तपासणीत माझ्याच मार्कशीटची यादी पुन्हा टाइप केलेली होती!

कॉलेज आणि युनिव्हर्सिटी यांच्यातला लेखी आर्टिक्युलेशन करार, म्हणजे इथला कुठला विषय तिथे कशासाठी धरला जाईल याचा करार मागा, तोही तुमच्या मेजरचा आणि तुमच्या वर्षाचा. कॅलिफोर्नियात हे ‘असिस्ट’ या अधिकृत साइटवर फुकट दिसतं. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसची प्रवेशहमी, म्हणजे ‘टॅग’, स्वतः भरता येते, तिचा अर्जही फुकट. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, त्यांची हमी विकणारा सरळ खोटं बोलतोय. ‘क्रेडिट घेतले’ एवढ्यावर खूश होऊ नका, मेजरमध्ये किती आणि नुसते इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून किती ते विचारा. सी ग्रेडच्या खालचे विषय सहसा जातच नाहीत. आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवा. नाकारलेल्या विषयाचं अपील करताना विभाग तोच मागतो.