रूट कॅनालनंतरचे आठ महिने आणि त्याआधीच्या गोळ्या

खालच्या डाव्या दाढेचे रूट कॅनाल होऊन तिच्यावर कॅप बसली त्याला आठ महिने झाले. त्याआधीचे तीन आठवडे मी वेदनाशामक गोळ्यांवर काढले होते, म्हणून दोन्हींचा अनुभव लिहितो.

आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची नेहमीची गोळी सुरुवातीला चांगलीच लागू पडली. मात्र रात्री आडवे झाले की दाढ पुन्हा ठणकू लागे, कारण दाढेतील नस टणक भिंतींच्या आत कोंडलेली असते आणि सुजली तरी तिला पसरायला जागा नसते. गोळी सूज व वेदना वाढवणारी द्रव्ये कमी करते. जंतूंना तिचा काही उपद्रव नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन गोळ्यांमधले अंतर आठ तासांवरून चारवर आले आणि पोटात जळजळ सुरू झाली. मग एके सकाळी ठणका आपोआप थांबला आणि मी दवाखान्याची वेळ रद्द केली. तो मूर्खपणा होता, कारण दाढ बरी झाली नव्हती, नस मेली होती. चार दिवसांनी हिरडीवर मुगाएवढी पुळी आली. ती दाबली की तोंडात खारट, कुजकट चव येई.

एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, म्हणजे जंतुसंसर्गाने तिथले हाड झिजले होते. अँटिबायोटिकने भागेल का, असे मी विचारले. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसल्यामुळे औषध आत पोहोचत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. मला ताप किंवा चेहऱ्यावर सूज नसल्याने त्यांनी ते दिलेही नाही. सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळता येईनासे झाले तर मात्र थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी दोनदा बजावले.

दाढेभोवती रबराचा पडदा लावून दोन बैठकांत मुळांची पोकळी साफ केली. धुण्याच्या द्रावणाला पोहण्याच्या तलावासारखा वास होता. दुखले ते नंतरचे दोन दिवस, तेही पॅरासिटामॉलने भागण्याइतकेच. कॅप आधी किंचित उंच बसली होती, ती घासून घ्यावी लागली. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये सावली निम्म्याहून कमी झालेली दिसली, पुळी परत आलेली नाही. पालेभाजीचे धागे मात्र कॅपच्या कडेला हमखास अडकतात आणि रोज रात्री फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) फिरवावाच लागतो.