सेमिनारला अख्खं पाठ करायचं की मुद्द्यांवर बोलायचं?

चुलतभावाचा एमएस्सीचा सेमिनार आलाय, दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचंय, आणि शाळा मराठी मीडियमची, त्यामुळे विचारतोय की दादा सगळं लिहून पाठ करू का नुसते मुद्दे घेऊन उभा राहू.

तयारीला पाठांतर महाग पडतं. दहा मिनिटं म्हणजे सावकाश बोललं तरी हजार-बाराशे शब्द, ते डोक्यात बसवायचे आणि आदल्या दिवशी गाईडने, म्हणजे मार्गदर्शक सरांनी किंवा मॅडमनी, एक स्लाइड उडवली की पुढचं सगळं विस्कटलं. मुद्दे पटकन लिहून होतात पण मोठ्याने बोलून सराव करावाच लागतो, मनातल्या मनात वाचलेलं धरू नका.

वेळ पाळायला पाठ केलेलं सरस. मुद्देवाले पहिल्या ग्राफवरच रेंगाळतात.

खरा फरक मधेच कुणी "वाय अक्षावर काय घेतलंय?" विचारलं की कळतो. पाठवाला उत्तर देतो कसंबसं, पण सोडलेलं वाक्य काही सापडत नाही, मग परत पहिल्यापासून! मुद्देवाला पुढच्या मुद्द्यावर जातो. आणि पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये नोट्स फक्त आपल्याला दिसतात, प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोज + पी दाबून एक्स्टेंड करायचं, डुप्लिकेट नाही, म्हणजे चिठ्ठीही नको.

इंग्रजीची धास्ती असेल, वेळ काटेकोर असेल आणि प्रश्न शेवटीच घेणार असतील तर पाठ करा. गाईड मधे टोकणारे असतील किंवा प्रोजेक्टची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा असेल तर मुद्देच. भावाला सांगितलंय, सुरुवातीची चार वाक्यं आणि निष्कर्ष तेवढा पाठ कर, मधलं मुद्द्यांवर.